पंखे बंद ठेवायची चार मिनिटं

लग्नसराई आली की मला लातूर आवडेनासं होतं, आणि नांदेड त्याहून. एरवी ही दोन्ही गावं मी निमूट सोसतो. पण चैत्र सरत आला की रिंग रोडवरच्या मंगल कार्यालयांच्या कमानींना प्लास्टिकची फुलं चढतात. चौकाचौकात फलक लागतात, त्यांवर नवरा-नवरीपेक्षा शुभेच्छुकांचे चेहरे मोठे. भर दुपारी, डांबर चपलेला चिकटतं अशा उन्हात, वरातीचा डीजे गल्लीतून जातो. मी खिडकी लावून घेतो. काच थरथरत राहते. तिच्यावर तळहात ठेवला तरी थरथर थांबत नाही, हातात येते.

या वर्षी पत्रिका आली ती हदगावहून. माझी मुलगी पल्लवी तिथे दिली आहे. तिच्या नणंदेचं लग्न, नांदेडच्या एका मोठ्या कार्यालयात. पत्रिकेवर गणपती, त्याखाली आमंत्रकांची नावं, आणि तिसऱ्याच ओळीत मारोतराव. पल्लवीचे चुलत सासरे. ते नाव वाचून मी पत्रिका उलटी ठेवली. मग पुन्हा सुलटी केली. वयाची साठी ओलांडलेल्या माणसाने पत्रिकेशी असं वागू नये, हे मला कळतं.

त्या घरात एक गोष्ट सांगितली जाते. दर लग्नात, दर बारशाला, जेवणं झाल्यावर सुपारी कातरता कातरता. पल्लवीच्या लग्नात तिच्या चुलत्यानं, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, शरदनं, भर मांडवात ड्रोन पाडला आणि नवऱ्याच्या आत्याचं कपाळ फोडलं. सांगणारे मारोतराव असतात. ऐकणारे हसतात. ही गोष्ट अर्धी खोटी आहे, आणि तिचा खोटा अर्धा मला ठाऊक आहे. शरद आता नाही. माझ्याशिवाय ते सांगणारं कुणी उरलेलं नाही. या लग्नात गप्प बसायचं नाही, एवढं मी पत्रिका हातात असतानाच ठरवलं.

*

शरदचा नांदेडला फोटोचा स्टुडिओ होता. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. निलंग्याजवळच्या आमच्या गावातून मी शिकायला लातूरला आलो आणि पुस्तकांत राहिलो. तो नांदेडला गेला आणि माणसांत राहिला. मी महाविद्यालयात ग्रंथपाल. माझ्या कामात आवाज होणं हाच गुन्हा. त्याच्या कामात आवाजाखेरीज काही नाही. तरी दर उन्हाळ्यात तो चार दिवस माझ्याकडे येई. पल्लवीच्या लग्नाआधीच्या वर्षी आला तो पाठीवर एक काळी पेटी घेऊन.

"अण्णा, तुझी लायब्ररी सुट्टीत रिकामीच असते की. किल्ली हाय का?"

"कशाला?"

"विमान उडवायचंय."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्याने पेटी उघडली. राखाडी रंगाचं, चार हातांचं ते यंत्र मला पहिल्या नजरेत आवडलं नाही, आजही आवडत नाही. उलट्या पडलेल्या किड्यासारखं दिसत होतं. लोकांना हल्ली वरून शूटिंग हवं असतं, तो म्हणाला. मोकळ्या रानात कुणीही उडवतं. कार्यालयाच्या आत, छताखाली, झुंबरं-पंखे-पडदे चुकवत उडवायला हात लागतो. तो हात बसवायला त्याला अरुंद जागा हवी होती.

माझ्या ग्रंथालयाइतकी अरुंद जागा लातुरात दुसरी नसेल. लोखंडी मांडण्यांच्या दोन रांगांमधून मी आडवा होऊन जातो. डांबराच्या गोळ्यांचा वास, बांधणीच्या खळीचा वास, आणि सुट्टीत पंखेही बंद म्हणून त्यावर साचलेली धूळ. त्या वासात शरदने आधी चपला काढल्या. मी नेहमी काढतो म्हणून नव्हे. पायाला जमीन कळली पाहिजे, म्हणाला.

पहिले दोन तास त्याने यंत्राला हातही लावला नाही. नुसता चालला. इकडून तिकडे, तिकडून इकडे, बोट हवेत धरून. कुठे पंख्याची दांडी खाली येते, कुठे ट्यूबलाइटची वायर लोंबते, कुठे वरच्या फळीवरचं पुस्तक बाहेर डोकावतं. मला म्हणाला, हे पुस्तक आत सरकव. मी म्हणालो, ते मोठ्या आकाराचं आहे, आत जात नाही. "मग तू त्याच्यासमोर उभा राहा. मला आठवण राहील." आणि मी उभा राहिलो, साठ किलोचा ग्रंथपाल, एका पुस्तकाची खूण म्हणून.

त्याने मला समजावलं ते मी पुस्तकात चिकटवायच्या एका जुन्या तारीख-चिठ्ठीच्या मागे लिहून घेतलं. लिहून घेतल्याशिवाय मला काही खरं वाटत नाही. बाहेर असतं तेव्हा हे यंत्र आभाळातल्या उपग्रहांना विचारून जागेवर थांबतं. छताखाली आलं की त्याला आभाळ दिसत नाही. मग ते खालच्या डोळ्याने जमीन बघतं आणि जमिनीवर विश्वास ठेवतं. जमीन चकचकीत असली, सावल्या हलत असल्या, तर फसतं, आणि आपण जागेवरच आहोत असं समजून बाजूला वाहवत जातं. लोखंडाजवळ त्याचं होकायंत्र बिघडतं. तुझ्या मांडण्या, म्हणाला, त्याच्या डोक्याला ताप आहेत. भिंतीच्या फार जवळ गेलं तर भिंतीकडे सरकतं. छताला टेकायला गेलं तर छत त्याला वर ओढून घेतं.

"आणि हे बग," त्याने हातातल्या पडद्यावर एक खूण दाखवली. "संपर्क तुटला की हे आपोआप घरी परत यायला निघतं. घरी यायचं तर आधी सरळ वर जातं. बाहेर ठीक हाय. आत वर काय हाय? छत. म्हणून आत शिरायच्या आधी हे बदलायचं. संपर्क तुटला तर हाय तिथंच थांब, म्हणून सांगायचं."

चारही पंखांभोवती त्याने गोल कडी बसवली, पातळ जाळीची. माणसांच्या डोक्यावरून कधी न्यायचं नाही, मोकळ्या पट्ट्यातूनच. आपल्या आणि यंत्राच्या मध्ये कधी कुणी येऊ द्यायचं नाही. बॅटरी अर्धी झाली की उतरवायचं, हौस कितीही असो. अक्षता पडायच्या आधी ते खाली आलंच पाहिजे. आपली माणसं अक्षता नवरा-नवरीवर थोड्याच टाकतात, म्हणाला. निम्म्या पुढच्या माणसाच्या मानेत जातात, आणि वर काही उडताना दिसलं की उरलेल्या सगळ्या त्याच्यावर. आपल्याकडच्या अक्षता ज्वारीच्या, एक दाणा पंखात गेला की संपलं.

"आणि सगळ्यात मोठी गोष्ट कुठली?"

मी चिठ्ठी पाहिली. "होकायंत्र?"

"पंखे रे अण्णा. पंखे, कूलर. चार मिनिटं बंद. वारा नको, हलती सावली नको. चार मिनिटं माणसं घामानं मेली तर चालतील."

मग त्याने यंत्र उडवलं. तो आवाज मी विसरू शकत नाही. हजार माश्या एका डब्यात कोंडल्यासारखा. वर्तमानपत्रांच्या ढिगाची पानं उठली, जुन्या सूचिपत्रांच्या खणातून दोन कार्डं उडून माझ्या पायाशी आली. मी हातांनी कान झाकले. पण यंत्र मात्र दोन मांडण्यांच्या मधून, दोन्हीकडे वीतभर जागा ठेवून, इतकं सावकाश सरकत गेलं की पुस्तकांच्या पाठींवरची धूळसुद्धा रांगेने उडाली. टोकाला जाऊन ते थांबलं. वळलं. परत आलं. शरदच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता आणि तो पुसत नव्हता. मी माझ्या रुमालाने पुसला. त्याने मान हलवली नाही, डोळे यंत्रावरच. आमच्या दोघांमधली एवढी जवळीक लहानपणानंतर तेवढीच. म्हणून मला त्या यंत्राचा जास्तच राग आहे. ते मध्ये नसतं तर मी रुमाल काढला नसता, हे मला माहीत आहे.

चार दिवस तो असा उडवत होता. एकदाही कशाला लागलं नाही.

*

पुढच्या वैशाखात पल्लवीचं लग्न लातुरातच झालं. ज्या कार्यालयात झालं त्याच्यावरून मी आता जात नाही, लांबच्या रस्त्याने जातो. नवरीला दारापासून व्यासपीठापर्यंत आणायचं, फुलांच्या पायघड्यांवरून, आणि तेव्हा वरून शूटिंग, असं ठरलं होतं. ठरवणारे वरपक्षाकडचे. मी म्हणालो होतो, कशाला ते सगळं, कुणी पुन्हा बघत नाही. व्याही म्हणाले, सर, आजकाल सगळीकडं असतंय. मी गप्प बसलो. मुलीचा बाप म्हणून मी तेव्हा पुष्कळदा गप्प बसलो.

शरदने सकाळीच येऊन सगळं कार्यालय चालून घेतलं. मधल्या पट्ट्यातल्या खुर्च्या मागे सरकवल्या. चकचकीत फरशीवर जाड सतरंजी टाकून घेतली. भिंतीवरच्या विजेच्या बोर्डावर स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला, "चार मिनिटं पंखे लावू नका, विनंती." आणि मला म्हणाला, "अण्णा, कागदावर माझा भरवसा न्हाई. बोर्डापाशी एक माणूस उभा कर. हलू देऊ नको त्याला." मी माझ्या मेहुण्याला, हिच्या भावाला, उभं केलं.

पंखे बंद झाले. त्या वेळचा उकाडा अजून माझ्या कॉलरमध्ये आहे. बायका पत्रिकांनी वारा घेत होत्या. कुणीतरी ओरडलं, "अरे, नवरी येईस्तोवर आम्ही जातो की वर!" हशा झाला. यंत्र उठलं. पल्लवी दारात आली. आणि त्याच वेळी बाजूच्या दारातून साहेब आले.

आमच्याकडे लग्नाला पुढारी येतोच, आणि मुहूर्ताच्या तोंडावरच येतो. तो आला की सगळं थांबतं. नवरी थांबते, भटजी थांबतात, माइकवर नाव पुकारलं जातं. शाल, श्रीफळ, फेटा. शाली माझ्या मेहुण्याकडे होत्या, हिच्या त्याच भावाकडे. मी व्यासपीठावरून त्याला हाताने बोलावलं. लवकर ये, शाल आण. तो बोर्डापासून निघाला.

पहिल्या रांगेतून मारोतराव उठले. साहेबांना पुढच्या सोफ्यावर बसवलं. साहेब रुमालाने मान पुसत होते. मारोतराव बोर्डाकडे गेले, कागद बाजूला केला, आणि सगळी बटणं एका तळहाताने खाली दाबली.

मी ते पाहिलं. सरळ पाहिलं, मध्ये कुणी नव्हतं.

पंखे फिरायला लागले. सावल्या सतरंजीवर गरगरायला लागल्या. यंत्र आधी खाली दबलं, मग बायकांच्या बाजूला वाहवत निघालं. शरद धावला. त्याने ते स्वतःकडे ओढलं, बायकांच्या डोक्यांपासून दूर, आणि ते हाताच्या अंतरावर आल्यावर खालून धरलं. धरताना एका लोखंडी खुर्चीच्या पाठीला कडं आपटून तुटलं. पंखाचा तुकडा उडाला तो नवऱ्याच्या आत्याबाईंच्या कपाळावर. रक्त आलं. शुभकार्यात, मांडवात, कपाळाला रक्त.

नंतरचा गोंधळ मी सांगत नाही. आत्याबाईंना दोन टाके पडले, त्या तासाभरात परतही आल्या, पदर कपाळावर ओढून. पण तोवर अपशकुन हा शब्द तीन-चार तोंडांतून ऐकू आला होता. माझ्या मुलीचं लग्न अजून लागायचं होतं.

शरद वधूच्या खोलीत, ट्रंका ठेवल्या होत्या तिथे, एका बाजूला बसला होता. उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला.

मी म्हणालो, "जा. आत्याबाईंच्या आणि व्याह्यांच्या पाया पड. माझी चूक झाली म्हण. विषय इथंच संपू दे."

त्याने वर पाहिलं. "अण्णा, पंखे कुणी लावले ते तू बघितलास."

"बघितलं. म्हणूनच सांगतोय."

एवढंच बोललो. यापेक्षा जास्त बोलायची मला गरज वाटली नाही आणि त्यालाही वाटली नसावी. व्याह्यांचा भाऊ. ज्या घरात मुलगी आजन्म राहणार त्या घरातला थोरला माणूस. त्याच्याकडे बोट दाखवून कोणता बाप आपल्या मुलीला सासरी पाठवील? आमच्याकडे असं दाखवत नाहीत. आमच्याकडे असं झालं की आपल्यातला एक माणूस पुढे करतात, आणि तो सगळं स्वतःवर घेतो.

शरद गेला. मी दारात उभा राहून पाहिलं. भरल्या कार्यालयात तो आत्याबाईंच्या पायांपाशी वाकला, मग व्याह्यांच्या, मग मारोतरावांच्यासुद्धा. हात जोडले तेव्हा रुमालातून लाल ओल बाहेर आली. कुणी विचारलं नाही, तुझ्या हाताला काय झालं. मारोतरावांनी त्याचा हात धरून काहीतरी म्हटलं. लांबून ऐकू आलं नाही. मला वाटलं, झापत असतील. त्या क्षणापासून मी त्या माणसाचा द्वेष करतो. नीट, पद्धतशीर, नोंदवहीत नोंद ठेवावी तसा.

*

शरदने पुन्हा आत कधी उडवलं नाही. बाहेरचीही कामं हळूहळू सोडली. बोटं बरी झाली, पण दोन बोटांची पेरं वाकत नव्हती. विचारलं तर म्हणायचा, "लग्नं कमी करून राहिलो अण्णा. पासपोर्टचे फोटो बरे. माणूस हलत न्हाई." गेल्या माघात दुपारी दुकानात बसल्या बसल्या गेला. समोर एक बाई मुलाचा फोटो काढायला थांबली होती. तिला वाटलं, डुलकी लागली.

त्याचं सामान आवरायला मी नांदेडला गेलो. काळी पेटी माळ्यावर होती. आत तेच यंत्र, एक हात मोडका, आणि कागदाच्या पुडीत मेमरी कार्ड. पुडीवर काही लिहिलेलं नव्हतं. दुकानातल्या संगणकावर मी ते लावलं. पल्लवीच्या लग्नाचं कार्यालय, वरून. माणसं म्हणजे नुसती डोकी, टोप्या, फेटे, गजरे. दारातून पल्लवी येते. कोपऱ्यात व्यासपीठावर एक माणूस हात वर करून कुणालातरी बोलावतो, दोनदा, तिसऱ्यांदा जरा रागाने. बोर्डापाशी उभा असलेला माणूस निघतो. हात वर करणारा मी. मग चित्र हलतं, फरशी, खुर्ची, शरदचा तळहात अगदी जवळून, आणि काळं.

हे त्याने पाहिलं असणार. पुडी बांधून ठेवली म्हणजे पाहिलंच असणार. मला मात्र कधी बोलला नाही. मी ते कार्ड काढलं, पुडीत घातलं आणि स्वतःला सांगितलं, बटणं दाबली ती मारोतरावांनी. बोलावणं वेगळं, दाबणं वेगळं. पुस्तकाच्या माणसाला असा फरक करता येतो. फरक करायला मी आयुष्यभर शिकलो आहे.

*

नांदेडला निघायच्या आदल्या दिवशी पल्लवीचा फोन आला. "बाबा, या नक्की. आणि एक सांगू का? काकाचा विषय निघाला तर हसून सोडून द्या. इथं सगळे गमतीनं बोलतात."

"तूही हसतेस?"

"बाबा, मला इथं राहायचंय."

मुलीने मला माझंच वाक्य परत दिलं. मी ते तिच्या लग्नात तिच्यासाठी बोललो होतो, मनातल्या मनात. तेव्हा शहाणपणाचं वाटलं होतं.

एसटीने गेलो. अहमदपूरच्या पुढे रस्त्याकडेला काळी रानं नांगरून उताणी पडलेली. खिडकीतून येणारा वारा चुलीसमोर बसल्यासारखा. मी मनात वाक्यं जुळवत होतो, खोडत होतो. "त्या दिवशी पंखे तुम्ही लावलेत." की "तुम्हाला आठवत असेल." की "माझ्या भावाची चूक नव्हती." ग्रंथालयाच्या वार्षिक अहवालावरही मी इतका वेळ घालवला नव्हता.

नांदेडचं कार्यालय एसीचं, पण गर्दीपुढे एसी हरलेला, म्हणून पंखेही चालू. आणि पंखे चालू असताना ड्रोन. चाळिशीतला, पोट सुटलेला एक माणूस तोंडात तंबाखू धरून तो उडवत होता. कडी नाहीत. खाली आरशासारखी फरशी. माणसांच्या डोक्यांवरून सरळ. मुलं हात उंचावून उड्या मारत होती. पहिलं मंगलाष्टक संपलं तरी उतरवला नाही, आणि पिवळ्या ज्वारीच्या मुठी त्याच्यावर जायला लागल्या, हसत, ओरडत, नेम धरून. ते यंत्र एकदा डगमगलं. खाली बसलेल्या एका म्हातारीने पदर डोक्यावर घेतला. मला वाटलं, पडावं. खरंच वाटलं. कुणाच्या तरी डोक्यावर पडावं, म्हणजे यांना कळेल की माझा भाऊ काय जपत होता. असं मनात आलेला माणूस लग्नाला येण्याच्या लायकीचा नव्हे. पडलं नाही. काहीच झालं नाही. जो काळजी घेत नाही त्याचं काही बिघडत नाही, हे मी त्या दिवशी उभ्या उभ्या पाहिलं आणि मला ते कुणालाच माफ करता आलं नाही.

जेवणाला व्याह्यांसाठी वेगळी टेबलं मांडली होती. पांढरं कापड, स्टीलचे पेले. घरची सून म्हणून पल्लवी मठ्ठा वाढत होती. माझ्या समोर मारोतराव बसले. दोन वर्षांत वाळले होते, पण आवाज तोच. वर बोट करून म्हणाले, "काय सर, आज काही पडलं न्हाई बरं का! न्हाईतर आमच्या पल्लवीच्या चुलत्यानं…"

शेजारचे दोघे आधीच हसायला लागले. त्यांना पुढचं पाठ होतं.

मी जुळवलेली सगळी वाक्यं गेली. तोंडातून निघालं ते असं, "मारोतराव, त्या दिवशी पंखे तुम्ही लावले होते. मी पाहिलंय. माझ्या भावाची काही चूक नव्हती. तुम्ही दोन वर्षं खोटं सांगताय."

हसणं थांबलं. पल्लवीच्या हातातला जग हवेत राहिला. व्याही दुसऱ्या टेबलावरून बघायला लागले.

मारोतरावांनी हातातली पुरी ताटात ठेवली. रागावतील असं मला वाटलं. मला ते रागवायला हवे होते.

"हाव," ते म्हणाले. "मीच लावलो की."

"मग…"

"साहेब घामानं भिजून राहिले होते. वरच्या त्या यंत्राला वारा चालत न्हाई हे मला काय ठाऊक? कागद दिसला, पण वाचलो न्हाई. नंतर कळलं. तुमचा भाऊ पाया पडायला आला तवा म्हणलो त्याला, अरे बाबा, चूक माझी हाय, तू कशाला वाकतो? हात धरून उठवलो. रक्त दिसलं हाताला, म्हणलो आधी दवाखान्यात जा. तर म्हणे, अण्णानं सांगितलंय, पडू द्या मला. सगळ्यांसमोर काय बोलावं? मी गप्प झालो." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मला वाटलं तुम्हाला ठाऊक असंल. त्यानं सांगितलं न्हाई व्हय?"

"नाही."

"मग मी हे सांगतो ते गमतीचं म्हणून सांगतो. तुम्हाला लागत असंल तर न्हाई सांगणार. आता तर तो बी न्हाई." आणि ते खाली बघून भात कालवायला लागले. त्या माणसाच्या चेहऱ्यावर द्वेष करण्यासारखं काहीही नव्हतं. तोंडाच्या कोपऱ्याला वरण लागलेलं एक म्हातारं तोंड. मी दोन वर्षं त्याच्यावर किती मेहनत घेतली होती.

पल्लवी माझ्या बाजूला आली होती. हळू आवाजात, घरच्या आवाजात तिने विचारलं, "बाबा, काकानं माफी मागावी असं आत्याबाईंनी सांगितलं होतं?"

मी आठवलं. खरोखर बसून आठवलं, टेबलापाशी. आत्याबाई डोळे मिटून पडल्या होत्या. व्याही डॉक्टरला फोन लावत होते. नवरदेव पाणी आणायला गेला होता. मारोतराव दारात उभे होते.

"नाही."

"पप्पांनी? म्हणजे माझ्या सासऱ्यांनी?"

"नाही."

"मग काकाला पाया कुणी पडायला लावलं?"

"मी," मी म्हणालो.

तिने मारोतरावांच्या पेल्यात मठ्ठा ओतला, काठोकाठ, सांडू न देता. मग माझा पेला ओलांडून पुढच्या माणसाच्या पेल्यात.